भट्टीचा काटा

जुलेखा तडवीनं तीनदा राख केली.
तिन्ही वेळा पोटॅश कमी भरलं,
माझ्या निबंधात छापलंय त्याहून कमी.
हरिपुऱ्याची पोर. बोलली काहीच नाही,
वही फक्त माझ्या चहाशेजारी
उघडी ठेवून गेली.

मी म्हणालो, केळीची खोडं शिळी असतील.
म्हणालो, यावलची माती वेगळी, रावेरची वेगळी.
म्हणालो, हात बसायला वेळ लागतो.
सत्तावीस वर्षं ज्याच्या नावावर एक आकडा आहे
त्याला अशी वाक्यं तोंडपाठ असतात.

"सर, तुमच्या मूळ नोंदी बघायला मिळतील?"

मूळ नोंदी.
कपाटाची किल्ली टेबलात, टेबलाची किल्ली
जुन्या विभागप्रमुखांकडे,
आणि ते आता मुलाकडे, पुण्याला.
कुलूप तोडलं. वाळवीनं
माझ्याआधी सगळं वाचून काढलं होतं.
उरलं होतं एक पाकीट, धुळ्याचा शिक्का,
सन दोन हजार सहा:

"मा. महोदय,
आपल्या पद्धतीने सहाशे अंशांवर
चार वेळा राख केली. आपला आकडा येत नाही.
माझे कुठे चुकते ते कृपया कळवावे.
कच्च्या नोंदी पाठवल्यास उपकार होतील.
आपला, हिलाल देवरे."

मी कळवलं नव्हतं.
हसलो होतो, एवढं आठवतं.
धुळ्याच्या पोराला भट्टी हाताळता येत नाही,
असं कुणाला तरी सांगितलंही होतं.

दारात धुडकू अप्पा.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी
कुंड्यांना पाणी घालायला येतात.
"सायेब, ती जुनी भट्टी खोटं बोले.
काटा सहाशे दावे, तवय आत पाचशे वीस.
भुसावळना मिस्तरीनी मोजेल व्हतं.
मी भिताडवर लिखी ठेयेल व्हतं, पेन्सिलघाई."
मग मला का नाही सांगितलं?
"तुमीन इचारं कवय?"

ती भिंत नॅकची समिती येण्याआधी रंगवली.
दोन हात, पिस्ता रंग.
समितीनं स्वच्छतेचं कौतुक केलं होतं.

म्हणजे आकडा खरा होता.
आच कमी, म्हणून पोटॅश उडालं नाही,
राखेतच राहिलं.
आकडा खरा आणि कृती खोटी.
गाव होतं, पाटीवरची वाट भलतीच होती,
आणि त्या वाटेनं गेलेला प्रत्येक जण
स्वतःच चुकलो समजून
मुकाट्यानं परत फिरला.
किती जण, कोण जाणे. पत्र एकानंच लिहिलं.

विभागाच्या बैठकीत मी म्हणालो,
नोंदी सगळ्यांना दिसतील अशा ठेवू,
फसलेल्या राखेसकट.
फालक मॅडम म्हणाल्या, उद्या कोणी उचलून नेईल.
नेऊ दे, म्हणालो, वाळवीनं नेण्यापेक्षा बरं.
मॅडम, तुमच्याच मळ्यात दर पौषात
पन्नास माणसांसमोर भरीत होतं.
कुठल्या काड्यांवर वांगी भाजायची, मिरची किती,
लसूण कधी, सगळं सगळ्यांदेखत.
तुमच्या हातची चव कोणी पळवली का?
त्या म्हणाल्या, भरीताचं वेगळं असतं.
आणि बैठक पुढच्या विषयाकडे, पार्किंगकडे गेली.

आम्ही दोघांनी रात्री बसून चढवलं सगळं:
तिच्या तीन राखा, माझी दुरुस्ती,
भट्टीची कंपनी, साल, काट्यातला फरक.
आणि नावं. जुलेखा तडवी. मी.
तिसरं, धुडकू रामा कोळी.
फॉर्म विचारतो, योगदान काय?
जुलेखानं टाईप केलं: तापमान.

मग एक पत्र, हातानं.
"प्रिय हिलाल,
तुमचं काहीही चुकत नव्हतं."
पुढची ओळ सुचेना, तशीच सही केली.
पाकिटावर पत्ता जुनाच घातला, वसतिगृहाचा,
खोली क्रमांक अकरा.
दुसरा मला कुठे माहीत आहे.